चारशे जीबी

जुईनगर
३ फेब्रुवारी

शौनक,

प्रिय-बिय लिहीत नाही. तुलाही खोटं वाटेल आणि मलाही.

सहा वर्षं झाली तू माझा नंबर ब्लॉक करून. मेल टाकला तर परत येतो. म्हणून हा कागद. तुझ्या पुण्याच्या लॅबचा पत्ता वेबसाइटवर मिळाला. तुझा फोटोही बघितला. पांढरा कोट, हातात उघडी डिस्क, आणि मागे सात-आठ जण टाळ्या वाजवतायत. कशाबद्दल वाजवतायत ते काही लिहिलेलं नाही. मी फोटो मोठा करून बघितला. कोटाला तुझ्या नावाची पट्टीपण आहे. चांगलं आहे बाबा, मजा आहे.

आता कामाचं. एका कस्टमरची मशीन आलीय, नावाची तुला गरज नाही. डीव्हीडीचा ट्रे उघडत नव्हता आणि त्यांना हॉस्पिटलातली स्कॅनची सीडी लावायची होती. मी भोकात टाचणी घालून ट्रे बाहेर काढला, आतला बेल्ट ढिला पडला होता तो बदलला. दहा मिनिटांत काम फिनिश. मग त्या म्हणाल्या, हा सारखा जागा नाही, जागा नाही म्हणतो, तेही बघ. बघतो तर सी ड्राइव्ह लालभडक. डिस्क पाचशेची, म्हणजे विंडोजच्या मापाने चारशे पासष्ट जीबी. आणि दिसतायत किती, तर फक्त पासष्ट. बाकीचे चारशे गुल.

शोधले. मिळाले. डिस्कवर चारशेचा एक अख्खा भाग होता, त्याला डी, ई असं काही अक्षरच दिलेलं नव्हतं, म्हणून तो दिसत नव्हता. मी अक्षर दिलं. तर विंडोज म्हणतं, हे मला वाचता येत नाही, वापरायचं असेल तर आधी फॉरमॅट करा.

तर प्रश्न असा आहे, की समज एखाद्याने घाईत फॉरमॅट करून टाकलं, तर आधीचं काही परत मिळतं का? समज म्हणतोय. मी केलेलं नाही.

मला येत नाही म्हणून विचारतोय असं समजू नकोस. दुकान जोरात चालू आहे. अख्ख्या सेक्टरमधले सोसायटीचे कॅमेरे मीच बसवलेत. पण लोक साले अजून शटरमध्ये उभे राहून माझ्या खांद्यावरून आत बघतात आणि विचारतात, 'तो दुसरा नाही का?' सहा वर्षं मी रोज सकाळी हे दुकान उघडतोय आणि अजून मी पहिला झालो नाही. तो दुसराच यांना पाहिजे.

एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर पाठव. बाकी बोलायची गरज नाही.

अंकुश


११ फेब्रुवारी

शौनक,

कुरिअरवाल्याने पोच दाखवली. तुझीच सही आहे, 'शौ' आणि खाली रेघ. म्हणजे पत्र मिळालं आणि तू गप्प बसलास.

बरं, सरळ सांगतो. मशीन सीवूड्सच्या नंदूकाकांची आहे. काका गेले रे. तीन जानेवारीला. मला कळलं आठ दिवसांनी, तेही सोसायटीच्या वॉचमनकडून. तुला पुण्यात बसून माझ्याआधी कळलं असेल तर सांगू नकोस, मला सहन होणार नाही.

मागच्या सोमवारी मीनाकाकू रिक्षात मशीन घालून स्वतः दुकानात आल्या. ट्रेचं झालं, जागेचं निघालं, आणि त्या सहज बोलून गेल्या, 'ही डिस्क शौनकने बसवली होती ना रे? तो मशीनला हात लावायच्या आधीच सांगायचा काय झालंय ते. पण आता त्याच्याकडे जाववत नाही. तुला माहीतच आहे.'

मला माहीतच आहे. त्यावर पुढे कधीतरी.

पण त्या 'शौनक'ने माझं डोकं सटकलं. मी इथे त्यांच्यासमोर उभा, बेल्ट मी बदलला, जागा मी शोधली आणि नाव तुझं. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत होती. म्हटलं, थांबा काकू, एका मिनिटात करून दाखवतो. विंडोजने विचारलं फॉरमॅट करू का, आणि मी हो म्हटलं. हो, मीच केलं. समज-बिमज काही नाही.

आणि वर म्हणालो, 'बघा काकू, चारशे जीबी जागा परत आणली. ज्याने डिस्क बसवली तो वापरायलाच विसरला होता.' हे मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

काकू खूश झाल्या नाहीत. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाकड्यावर बसून राहिल्या. मग पर्समधून एक कागद काढला. काकांचा आवाज गेल्यावर ते ज्या पॅडवर लिहून बोलायचे ना, त्यातला. काकांचं वळणदार अक्षर: 'कम्प्युटरमध्ये तुझ्यासाठी माझा आवाज ठेवलाय. शौनकला बोलाव.'

'चार माणसांत कसं सांगू म्हणून गप्प होते,' काकू म्हणाल्या. 'मला जागा नकोय रे अंकुश. यांनी ठेवलेलं तेवढं ऐकव.'

तोंडातून निघालं, 'आहे काकू, आत आहे, वेळ लागेल.' मशीन ठेवून घेतली. त्या गेल्यावर कॅबिनेट उघडलं. आधी उघडायला हवं होतं. आपल्या दुकानाचा नियमच होता, आधी कॅबिनेट उघडायचं, आतली चिठ्ठी वाचायची, मग हात लावायचा. तुझा नियम. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या आत तू चिठ्ठी चिकटवायचास आणि मी हसायचो. ही होतीच: 'मार्च २०१९. ४०० जीबी काकांचं, फायली ४१. विंडोजला दिसणार नाही. फॉरमॅट करू नये. शौ.'

मार्च २०१९. काकांच्या घशाचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं.

म्हणजे ते दोन आठवडे रोज दुपारी आतल्या खोलीत, प्लायचं दार लावून, तुम्ही दोघं हे करत होतात. आणि मी बाहेर काउंटरवर. मला वाटलं होतं, काका तुला सीवूड्सला वेगळं दुकान काढून देतायत. त्यांचा तो रिकामा गाळा होता ना. रोज काका यायचे, मला 'काय अंकुश' म्हणायचे आणि तुझ्याबरोबर आत जायचे. मी विचारलं तर तू म्हणालास, 'काकांचं खासगी काम आहे.' मला, पार्टनरला, खासगी! रात्रंदिवस जळत होतो मी. काकांचा आवाज गेला तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

परत मिळेल का ते सांग. शिव्या नंतर दे.

अंकुश


१८ फेब्रुवारी

शौनक,

तुझं पाकीट आलं. एवढंसं. पाठ झालंय: 'मशीनचा प्लग काढ. पुन्हा चालू करू नकोस. फॉरमॅटनंतर त्यावर काही कॉपी केलंस का ते खरं सांग. डिस्क काकूंनी स्वतः माझ्या हातात दिली तर काम करीन. तुझ्याकडून घेणार नाही.'

सहा वर्षांनी पाच वाक्यं आली तुझी. त्यात माझं नावपण नाही.

प्लग काढलाय.

कॉपीचं. हो. केलं. मागच्या पत्रात ते लिहायचं टाळलं. फॉरमॅट झाल्याबरोबर काकूंना जागा भरून दाखवायची होती. सी ड्राइव्हवरचे फोटो नि कागदपत्रं छत्तीस जीबी होती, ती नव्या भागात टाकली. वर आपल्या दुकानात जुन्या मराठी पिक्चरचा साठा आहे ना, त्यातले बावीस जीबी टाकले, काकूंना एकट्यांना करमणूक म्हणून. एकूण अठ्ठावन्न. काकांच्या आवाजावर मी पिक्चर ओतले, शौनक. तूच मला शिकवलं होतंस, की फॉरमॅटने फक्त पाट्या पुसल्या जातात, सामान तसंच असतं. पण वर नवीन सामान टाकलं की खालचं कायमचं मेलं. हे मला माहीत होतं. तरी केलं, कारण मला तेव्हा डिस्क दिसतच नव्हती, तू दिसत होतास.

आता तुझी अट. काकूंनी स्वतः यायचं. वा रे वा. तुला पक्कं माहीत आहे की काकू तुझ्या दारात पाय ठेवणार नाहीत आणि का ठेवणार नाहीत. म्हणजे ते मलाच जाऊन निस्तरायला हवं. तुझ्या त्या कोटाच्या आत अजून तोच शौनक आहे. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही, आणि समोरच्याला बरोबर कोपऱ्यात घ्यायचं. मला हे कधीच जमलं नाही. मी नुसता ओरडतो.

काकूंचा रोज फोन येतो. 'सापडलं का रे?' विचारतात. काल म्हणाल्या, 'सहा वर्षं हे मला टाळी वाजवून बोलवायचे. टाळीला कसलं आलंय प्रेम! एकदा आवाज ऐकला की सुटले मी.' मी म्हणालो, शोधतोय.

दुसरी कुठली लॅब बघू का? वाशीत एक आहे म्हणतात. पण ती चिठ्ठीतली पद्धत तुझी, भाग तू केलेला. दुसऱ्याच्या हातात द्यायची माझी हिंमत नाही. हे लिहायलाही नको वाटतंय, पण शेवटी तूच लागतोस.

अंकुश


२६ फेब्रुवारी

शौनक,

झालं. सांगितलं. तुला कळलंच असेल, काकू परवा तुझ्याकडे येऊन गेल्या. पण माझ्या तोंडून ऐक.

आधी तेच लिहितो जे मी सहा वर्षांत स्वतःशीसुद्धा धड बोललो नव्हतो. 'शौनक लेडीज कस्टमरचे फोटो कॉपी करून घरी नेतो', हे मी उठवलं. शेजारच्या पार्लरवाल्या उज्वलाताईंना सांगितलं. चहा घेता घेता, सहज सांगितल्यासारखं. मी फक्त एकीला सांगितलं होतं. आठ दिवसांत ते तुझ्या आईच्या भजनी मंडळापर्यंत गेलं. तू, जो कस्टमरचं एक फोल्डर उघडत नव्हतास, मला उघडू देत नव्हतास, त्याच्यावर मी नेमकं हेच टाकलं. कारण बाकी कशात तू सापडतच नव्हतास.

तू विचारलंस, 'अंकुश, हे कोणी पसरवलं असेल?' आणि मी म्हणालो, 'लोकांची तोंडं कुठं धरणार?' पंधरा दिवसांनी तू गेलास. जाताना किल्ल्या काउंटरवर ठेवल्यास तेव्हा तुला कळलेलं होतं, हे मला दिसलं. एक कानाखाली दिली असतीस तर बरं झालं असतं.

लोकांना मी सांगितलं, शौनक मला सोडून गेला. पुढे तर मलाच खरं वाटायला लागलं.

तर शनिवारी सीवूड्सला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, 'सापडलं?' मी तिथेच चपला काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं. फॉरमॅट, पिक्चर, चिठ्ठी. ते त्यांनी ऐकून घेतलं. मग उज्वलाताईंचं सांगितलं. काकू खुर्चीवर बसल्या. मला म्हणाल्या, 'पुन्हा सांग.' पुन्हा सांगितलं.

रडतील वाटलं होतं, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, शौनकला बोलाव. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि यांचा शब्द मोडला.'

शिवी दिली असती तर चाललं असतं रे.

मग उठल्या, पदर खोचला, रिक्षा बोलावली आणि मला घेऊन थेट जुईनगर. पार्लरमध्ये दोन बायका डोक्याला मेंदी लावून बसलेल्या. काकू म्हणाल्या, 'अंकुश, मला सांगितलंस ते यांना सांग.' सांगितलं. उज्वलाताईंच्या हातातला ब्रश तसाच राहिला. 'अरे मेल्या, मी शंभर जणींना सांगितलं असेल!' 'मग आता त्या शंभर जणींना हेही सांगा,' काकू म्हणाल्या. 'माझ्यासमोर लावा फोन.' अर्धा तास मी तिथे उभा होतो आणि ताई एकेकीला फोन लावत होत्या. मेंदीवाल्या बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

दुकानातून मी डिस्क काढून दिली. काकूंनी ती स्वयंपाकघरातल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, पुण्याला सोडायला येतो. म्हणाल्या, 'नको. तू आलास तर त्याला बोलता येणार नाही.'

आता ऐक, मी किती हलकट आहे ते. त्या परत आल्या, मी फोन केला. काय म्हणाला शौनक? तर म्हणाल्या, 'काही नाही रे, आधी वाकून नमस्कार केला, मग पोहे केले. लिंबू नव्हतं तर खाली जाऊन आणलं.' आणि मला राग आला. इतकं सगळं होऊनही मला वाटलं, बघा, पोहेसुद्धा हाच करणार, लिंबूसुद्धा हाच आणणार, आणि माझ्या वाट्याला पार्लर.

अंकुश


३० मार्च

शौनक,

डिस्क पोचली. चौतीस फायली. मी सीवूड्सला जाऊन मशीन लावून दिली. काकूंनी स्वतः बोलावलं. म्हणाल्या, 'तू बिघडवलंस, तूच लावून दे.' आधी कॅबिनेट उघडलं. तू डिस्कवरच नवी चिठ्ठी लावली होतीस, ती वाचली.

पहिली जी लागली तिच्यात काका खुर्चीत ताठ बसलेत, इस्त्रीचा शर्ट. खाकरून म्हणाले, 'जावक क्रमांक आठ.' सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं हेडक्लार्क होता तो माणूस, बायकोसाठी ठेवायच्या आवाजालासुद्धा जावक क्रमांक टाकला. काकू हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. मी उठून गॅलरीत गेलो.

चौतीस ऐकायला आम्हाला तीन दिवस लागले. नात जाईसाठी गोष्टी आहेत. गीझर कसा लावायचा ते आहे. कोणत्या पापलेटवाल्याकडे फसवाफसवी होते तेही आहे. आणि जागोजागी 'शौनक, पाणी दे रे,' 'शौनक, हे पुन्हा करू या का?' मग तुझा आवाज, 'छान झालं काका.' अकरा वेळा आहे. मी मोजलं. तू समोर असतास तर तुझा गळा धरला असता. माझं नाव एकदाच आलंय. काका तुला सांगतात: 'तुझ्या मित्राला सांगू नकोस. पोरगा चांगला आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.' काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

तिसऱ्या दिवशी शेवटची संपली. काकू म्हणाल्या, 'अंकुश, यात जाईचं नाव आहे, शौनकचं आहे, पापलेटवाल्याचं आहे. माझं नाही रे. "ऐक" म्हणतात, "लक्षात ठेव" म्हणतात. मीना म्हणून एकदाही हाक मारली नाही. त्या गेलेल्या सातांत असेल का? शौनकला विचार ना.'

तुला विचारायची गरज नव्हती. डिस्कबरोबर तू काकूंना लिहिलेली चिठ्ठी त्यांनी मला वाचायला दिली होती. 'पहिल्या सात गेल्या. त्यांत काय होतं ते मलाही माहीत नाही. सुरुवातीला काका लाजायचे. मी कॅमेरा चालू करून मागच्या दाराने टपरीवर जाऊन बसायचो. नंतरही त्या कधी उघडल्या नाहीत.' तू खरंच उघडल्या नसणार. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

तू टपरीवर होतास. आणि मी कुठे होतो माहीत आहे? प्लायच्या दाराला कान लावून उभा होतो. सातच्या सात दिवस. काउंटरवर गिऱ्हाईक हाका मारायचं तरी हलायचो नाही. तू आत आहेस असंच मला वाटत होतं. काका एकटेच बोलतायत हे डोक्यातच आलं नाही. नंतर तुझा आवाज यायला लागला, मशीन, कॅमेरा, पाणी, तेव्हा कंटाळून सोडून दिलं.

पहिल्या दिवशी काय ऐकलं सांगू? काका हाका मारत होते. 'मीना. ए मीना. अगं मीने. मीनाऽऽ.' एकदा जवळून, एकदा लांबून, एकदा काहीतरी सापडत नसल्यासारखं चिडून. पाच-पाच मिनिटं. मला वाटलं, काका बायकोची नक्कल करून तुला हसवतायत. इतकी मैत्री! माझ्याशी कधी असं बोलले नाहीत. तिथून मला जे लागलं ते लागलं. आणि जळणाऱ्या माणसाला सगळं लक्षात राहतं रे. आईची शेवटची वाक्यं मला नीट आठवत नाहीत, पण काकांच्या त्या हाका मला सुरासकट पाठ आहेत. सहा वर्षं झोपायच्या आधी त्याच घोळवल्यात मी.

हे काकूंना सांगणं पार्लरपेक्षा अवघड गेलं. नवरा-बायकोचं बोलणं चोरून ऐकलं, असं त्यांच्या तोंडावर सांगायचं. सांगितलं. म्हटलं, काकू, माझ्या पोटात राहत नाही ते काका बरोबर म्हणाले, पण हे एवढं राहिलंय.

त्या म्हणाल्या, 'कशी मारली हाक?'

मी म्हटलं, 'तुमचं नाव घेऊन मारली.'

'ते कळलं. कशी?'

मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. आमच्यात थोरल्या बाईचं नाव नुसतं तोंडात आलं तरी आई थोबाड फोडायची. म्हटलं, काकू, नको. त्या म्हणाल्या, 'तुझ्याशिवाय कुणाकडे नाहीये ते. शौनककडेसुद्धा नाही.'

खोटं कशाला बोलू, ते ऐकून आधी बरंच वाटलं मला. शौनककडेसुद्धा नाही! मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. दोन्ही एकदमच वाटलं, अजून वाटतंय, तुला लिहून टाकतो.

काकू उठून आत स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. नळ सोडला, भांडी विसळायला घेतली. मी गॅलरीत गेलो, काका वर्तमानपत्र वाचायला बसायचे तिथे. मग डोळे मिटले आणि प्लायपलीकडून जसं यायचं तसं, घसा बसलेल्या माणसाचं, जरा कातावलेलं, ओढून म्हटलं,

'अगं मीने, ए मीनाऽऽ, माझा चष्मा कुठं ठेवलास?'

नळ बंद झाला. मी तसाच डोळे मिटून उभा. वाटलं, आता त्या बाहेर येऊन माझ्या थोबाडीत मारतील, आणि मारली तर बरंच.

आतून काकू म्हणाल्या, 'फ्रिजवर आहे हो. रोज तिथेच तर ठेवता.'

अंकुश